सुरक्षा म्हणजे कामाचा खोळंबा नव्हे

कारखान्यात अपघात झाला की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक, "त्याने लक्ष द्यायला हवे होते." दुसरे, "नशिबात होते, त्याला कोण काय करणार?"

काही दिवसांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. उजव्या हाताची दोन बोटे यंत्रात गेलेली. आम्ही विचारपूस केली तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, माझीच चूक. घाई केली." अधिक विचारल्यावर कळले की त्या यंत्रावरची लोखंडी जाळी कित्येक महिने काढूनच ठेवली होती. जाळी असली की साफसफाईला वेळ लागतो, म्हणून. सर्वांना हे ठाऊक होते. परंतु सांगायचे कोणाला, आणि सांगितले तर नोकरीवर गदा येईल काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. जखम त्याची आणि चूकही त्याचीच, असा हा हिशेब आम्हाला पटला नाही.

सुरक्षा आणि आरोग्य यांचा कार्यक्रम राबवायचा म्हटले की पुष्कळ मालक आणि अधिकारी कुरकुरतात. कागद वाढतात, खर्च वाढतो, काम खोळंबते, असे त्यांचे म्हणणे. हा आक्षेप अगदीच खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. तो नीट तोलून पाहण्यासाठी हॉलंडमधल्या लायडन या गावाची हकीकत सांगतो. आपल्या बेटाला ज्या मॉरिस राजपुत्राच्या नावावरून मॉरिशस हे नाव पडले, तो याच लायडनच्या विद्यापीठात शिकला होता. तेव्हा हे गाव आपल्याला अगदीच परके नाही.

१२ जानेवारी १८०७ रोजी दुपारी, बंदुकीच्या दारूने भरलेली एक नौका लायडनच्या भर वस्तीतल्या कालव्यात उभी होती. तिचा स्फोट झाला. दीडशेच्या वर माणसे मेली, शेकडो घरे जमीनदोस्त झाली. ठिणगी कशाने पडली हे निश्चित कळले नाही. परंतु आमच्या मते खरा प्रश्न ठिणगीचा नाहीच. कित्येक हजार किलो दारू घरांना खेटून उभी राहू शकली, हा खरा प्रश्न आहे. मुंबईकरांनीही असाच दिवस पाहिला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' या जहाजाचा स्फोट झाला. त्या एकाच जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी बरोबर भरल्या होत्या. आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक जवान त्यात कामी आले. भारतात १४ एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ पाळतात.

लायडनच्या उद्ध्वस्त जागेवर पुढे विद्यापीठाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे प्राध्यापक हाइके कामरलिंग ओनेस मोठ्या दाबाखाली वायू भरून त्यांचे अतिशीत द्रव बनवीत असत. १८९५ साली नगरपालिकेला याची धास्ती वाटू लागली. ज्या जागी एकदा स्फोट झाला तेथेच पुन्हा दाबाखालचे वायू! परवान्याचा प्रश्न उभा राहिला, तज्ज्ञांची चौकशी बसली, आणि १८९८ पर्यंत ते काम थांबून राहिले. मधल्या काळात, मे १८९८ मध्ये, लंडनच्या जेम्स ड्यूअर यांनी हायड्रोजनचा द्रव प्रथम बनवून दाखविला. म्हणजे खोळंब्याची किंमत लायडनने खरोखरच मोजली. ही बाजू लपविण्यात अर्थ नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. ड्यूअर यांच्या प्रयोगशाळेत स्फोट होत, आणि त्यांत त्यांच्या सहाय्यकांनी डोळे गमावले. लायडनमध्ये मात्र कामरलिंग ओनेस यांनी कारागिरांच्या शिक्षणावर भर दिला. १९०१ साली तेथे उपकरणे बनविणाऱ्यांची शाळा रीतसर सुरू झाली. निळे डगले घातलेली तरुण मुले तेथे काच फुंकायला, धातू घडवायला आणि यंत्र जपून हाताळायला शिकत. ती शाळा आजही चालू आहे. १० जुलै १९०८ रोजी याच प्रयोगशाळेत हेलियमचा द्रव जगात पहिल्यांदा तयार झाला. ड्यूअर मागे राहिले. १९१३ साली कामरलिंग ओनेस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

केवळ सुरक्षेमुळे लायडन जिंकले, असे आम्ही म्हणणार नाही. यशाला अनेक कारणे असतात. परंतु एवढे निश्चित की चौकशी आणि परवाना यांनी ते काम बुडाले नाही. शिकलेला, धडधाकट हात हेच कोणत्याही कामाचे खरे भांडवल असते, आणि जो अशा हातांची जोपासना करतो त्याचे काम टिकते.

आता नियमांविषयी. नियम छापला म्हणजे काम झाले काय? पुन्हा लायडनकडेच पाहू. तेथल्या कापडगिरण्यांत लहान मुले राबत. याकोब क्रेमर या लेखकाने त्यांची अवस्था पाहून १८६३ साली जाहीर आवाज उठविला. १८७४ साली १२ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवण्यास बंदी करणारा कायदा झाला. पण तपासणी करणारे खास अधिकारीच नव्हते, म्हणून कायदा बराचसा कागदावर राहिला. १८८९ च्या कायद्याने निरीक्षकांची सोय झाली, तेव्हा कोठे त्याला दात फुटले.

आणि दोष कोणाचा, या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही लायडननेच शोधले. १९८० च्या दशकात तेथील मानसशास्त्राचे प्राध्यापक विलेम वागेनार आणि त्यांचे सहकारी यांनी समुद्रावरील १०० अपघातांची कागदपत्रे तपासली. बहुतेक सर्व अपघातांत माणसाची काही ना काही चूक होतीच. पण ती चूक एकट्याची नव्हती. अनेक लहान गोष्टी एकत्र येत, आणि जो माणूस शेवटी चुकला त्याला पुढचे दिसणे जवळजवळ अशक्यच असे. पुढे या संशोधकांनी मँचेस्टरच्या जेम्स रीझन यांच्याबरोबर काम केले आणि अपघाताची मुळे अकरा प्रकारांत मांडली. यंत्राची रचना, देखभाल, शिक्षण, निरोपांची देवाणघेवाण, आणि एकमेकांशी न जुळणारी उद्दिष्टे हे त्यांतले काही. "जाळी लावा" आणि "लवकर आटपा" असे दोन्ही हुकूम एकदम देणे म्हणजे न जुळणारी उद्दिष्टे. आमच्या विद्यार्थ्याची बोटे ह्याच दोन हुकुमांच्या मध्ये सापडली.

आपल्या बेटावर कायदा नाही असे नाही. २००५ चा कामगार सुरक्षा व आरोग्य कायदा २००७ पासून लागू आहे. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला सुरक्षा समिती नेमावीच लागते, आणि तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी असतात. २०२२ च्या जून महिन्यात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व निरोगी कामाची जागा हा कामगाराच्या मूलभूत हक्कांत घातला. त्याच संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ३० लाख माणसे कामामुळे मरण पावतात. त्यांत अपघाताने मरणारे साधारण ३ लाख ३० हजार. बाकीचे कामातून जडलेल्या रोगांनी जातात. म्हणजे बोट तुटलेले दिसते, पण धुळीने, औषधफवारणीने, उन्हाच्या तापाने झिजलेले शरीर कोणाच्या वहीत नोंदले जात नाही. सुरक्षा कार्यक्रमात आरोग्याची तपासणी का हवी, हे यावरून ध्यानात यावे.

मग अशा कार्यक्रमाची किंमत कशी ओळखावी? आमच्या मते एकच कसोटी पुरे. गेल्या महिन्यात अपघात होता होता टळले असे किती प्रसंग कामगारांनी आपण होऊन सांगितले, आणि त्यावर काय केले गेले? वहीत एकही नोंद नसेल, तर तो कारखाना सुरक्षित आहे असे समजू नये. तेथे माणसे बोलायला भितात, असे समजावे.

आम्हा शिक्षकांवरही येथे जबाबदारी आहे. आम्ही मुलांना "जपून वाग" एवढेच शिकवितो. "येथे धोका आहे, हे दुरुस्त करा" असे मोठ्यांसमोर नम्रपणे पण स्पष्ट बोलायला शिकवीत नाही. तोच मुलगा पुढे यंत्रापाशी उभा राहतो, उघडी दाती चाके पाहतो आणि गप्प बसतो.

वाचकहो, तुमच्या घरातील कोणी कारखान्यात, हॉटेलात वा उसाच्या शेतात काम करीत असेल, तर आज संध्याकाळी त्याला एवढेच विचारा: "तुमच्या समितीत तुमच्या बाजूने कोण बसतो?" त्याला नाव ठाऊक नसेल, तर उद्या कामावर जाऊन ते विचारून यायला सांगा.