विमानांतील वीज आणि तिची परीक्षा

गिरगांव चौपाटीवर सायंकाळीं बसणाऱ्या मंडळींना विमान हें आतां नवलाचें राहिलेलें नाहीं. १९२८ सालीं जुहू येथें बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जे. आर. डी. टाटा यांना हिंदुस्थानांत दिलेला पहिला वैमानिक-परवाना मिळाला. तेव्हांपासून या शहरानें लहान विमानें पुष्कळ पाहिलीं. आज मध्यम स्थितींतील घरची मुलेंमुलीही हें शिक्षण घेण्याचें मनांत आणतात. अशा वेळीं आईबापांचा प्रश्न ठरलेला असतो : आकाशांत इंजिन बंद पडलें तर? प्रश्न योग्य आहे. परंतु इंजिन उत्तम चाललें आहे आणि वीज तेवढी गेली तर काय, हा दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आज त्याचाच विचार करावयाचा आहे.

बहुतेक लहान विमानांत इंजिनाला लागणारी ठिणगी मॅग्नेटो नांवाच्या स्वतंत्र साधनापासून मिळते. म्हणून वीज गेली तरी पंखा फिरतच राहतो. मात्र रेडिओ, दिवे आणि मार्ग दाखविणारीं कित्येक उपकरणें विजेवर चालतात. ही वीज आल्टरनेटर निर्माण करतो. परळ-लालबागच्या गिरण्यांत एके काळीं पट्ट्यांवर यंत्रें फिरत. त्याच रीतीनें पुष्कळ विमानांत इंजिन एका पट्ट्यानें आल्टरनेटरला फिरवितें. संसाराच्या भाषेंत सांगावयाचें तर आल्टरनेटर ही मिळकत आणि बॅटरी ही शिल्लक. मिळकत थांबली तरी शिलकेवर घर कांहीं काळ पूर्ववत् चालतें, आणि खरा धोका येथेंच आहे. दिवे जळत असतात, रेडिओ बोलत असतो, आणि सर्व ठीक आहे असा भ्रम होतो.

या भ्रमाची किंमत किती पडते, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. ११ ऑक्टोबर १९८३ च्या रात्रीं एअर इलिनॉय कंपनीचें विमान स्प्रिंगफील्डहून उडालें. तें आमच्या विषयांतील विमानापेक्षां बरेंच मोठें होतें, त्याला दोन जनित्रें होतीं. पण धडा तोच आहे. उड्डाणानंतर थोड्याच वेळांत डावें जनित्र निकामी झालें, आणि घाईंत सहवैमानिकानें चुकून चांगलें असलेलें उजवेंच तोडलें. तें पुनः जोडतां आलें नाहीं. मागें फिरण्याऐवजीं बॅटरीच्या भरंवशावर पुढें जाण्याचें ठरलें. सुमारें अर्ध्या तासांत बॅटरी संपली, अंधारांत उपकरणें मालवलीं, आणि विमानांतील दहाही माणसें प्राणांस मुकलीं.

म्हणून कमी दाबाची सूचना देणारा दिवा लागला, तर तो दिवाच बिघडला असेल असें मानूं नये. वैमानिकानें आधीं रेडिओ बंद करावा, आल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर जागेवर आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मास्टर स्विच एकदां बंद करून पुनः लावावा. दिवा गेला तर उत्तम. न गेल्यास आल्टरनेटर बंद ठेवावा, अवश्य नाहीं तें सर्व मालवावें आणि सोयीच्या पहिल्या विमानतळावर उतरावें. तपशील त्या त्या विमानाच्या पुस्तिकेंत असतो. तोच प्रमाण मानावा.

जमिनीवर आल्यावर दोष शोधण्याचें काम परवानाधारक इंजिनियरचें. त्याची रीति मात्र आपल्या घरचीच आहे. चाळींत दिवा गेला कीं गृहिणी प्रथम शेजारीं उजेड आहे कां तें पाहते, मग फ्यूज, आणि शेवटीं गोळा. एकदम नवा गोळा आणावयास ती धांवत नाहीं. विमानांतही तसेंच. २४ व्होल्टच्या बॅटरीवर निकोप आल्टरनेटर सुमारें २८ व्होल्ट दाब राखतो. इंजिन चालू असतांना कांटा २४-२५ वरच रेंगाळला, तर भरणा होत नाहीं हें निश्चित. मग पट्टा सैल आहे काय, तें पाहावें. पुढें इंजिन बंद ठेवून, आल्टरनेटरमध्यें चुंबकत्व जागविणारा प्रवाह तेथवर पोंचतो काय, तें मापावें. पोंचत नसेल तर दोष अलीकडे : ब्रेकर, स्विच, रेग्युलेटर किंवा एखादी तुटकी तार. पोंचत असूनही वीज निघत नसेल तर दोष पलीकडे : झिजलेले ब्रश, आंतील गुंडाळी किंवा बाहेर जाणारी तार. एखादाच डायोड गेला तर वीज कमी पडते, आणि कानांतील यंत्रांत बारीक शीळ ऐकूं येते. समुद्राच्या खाऱ्या हवेंत तर तारांच्या जोडावरील गंजच कित्येकदां खरा गुन्हेगार ठरतो, आणि त्याच्याऐवजीं शिक्षा महागड्या आल्टरनेटरला होते.

न मोजतां भाग बदलणें आणि न थांबतां पुढें जाणें, या दोहोंचें मूळ एकच : खात्री करून घेण्याचा कंटाळा. ज्यांचीं मुलें हें शिक्षण घेणार असतील, त्यांनीं त्यांना विमान उडवितां येतें काय एवढेंच विचारूं नये. वेळेवर खालीं उतरतां येतें काय, हेंही विचारावें.