बर्फाच्या नावे एक दिवस

आमच्या जिवतीला आगगाडी येत नाही. माणिकगडच्या डोंगरावरचे हे पठार. वर यायचे तर गडचांदुराकडून घाट चढणारी एस. टी., नाहीतर स्वतःचे वाहन. गावात रूळ नाही, सिग्नल नाही आणि फाटकही नाही. त्यामुळे फाटक बंद होते म्हणून तासाला उशीर झाला, ही सबब माझ्या विद्यार्थ्यांना मिळत नाही आणि मलाही मिळत नाही. अशा गावी बसून गेले दोन महिने आमच्या घरात रोज रात्रीची जेवणे आटोपली की जपानी रेल्वेचे वेळापत्रक उघडले जाते, आणि कोणती गाडी कुठे धरायची यावर वाद होतात. शेजाऱ्यांना वाटते, घरात स्थळे पाहणे चालू आहे.

याचे मूळ आमच्या चिरंजीवांच्या मोबाइलात आहे. पोळ्याच्या सुमारास एका संध्याकाळी त्याने आजोबांना एक लहानशी फिल्म दाखवली. चहूकडे बर्फ, त्यात एक छोटे स्टेशन, फलाटाला लागलेली नारिंगी गाडी, आणि टोपी घातलेला एक रेल्वेचा माणूस हातातली मोठी कडी ड्रायव्हरच्या स्वाधीन करतो आहे. पलीकडे जुन्या पद्धतीचा हाताचा सिग्नल. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “अरे, हे तर टोकन हाये!”

ज्या वाचकांचा रेल्वेशी संबंध तिकीट काढण्यापुरताच आला, त्यांच्यासाठी सांगतो. जिथे रूळांची एकच जोडी असते, तिथे समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून दोन स्टेशनांच्या मधल्या टापूची एक वस्तू ठरलेली असते. कुठे गोळा, कुठे चकती, कुठे दांडा. ती हाती असेल त्याच ड्रायव्हरने त्या टापूत शिरायचे. ती एका यंत्रात कुलूपबंद असते, आणि एक बाहेर काढली की दुसरी निघत नाही. माझ्या वडिलांनी सारी नोकरी नागपूर-नागभीडच्या नॅरोगेजवर केली, आणि तीत स्टेशनमास्तर म्हणून असे टोकन किती वेळा दिले-घेतले याची गणती नाही. लहानपणी रात्री-अपरात्री गाडीची शिटी ऐकली की कंदील घेऊन निघालेली त्यांची पाठ मला अजून दिसते.

ती नॅरोगेज नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली. आम्ही सारे म्हणालो, “बाबा, शेवटच्या गाडीला जाऊ या.” ते उठले नाहीत. “माणूस गेला तर तोंड पाहायले जाते. गाडीचं काय पाहायचं?” एवढेच बोलले आणि दिवसभर अंगणातल्या खुर्चीवर बसून राहिले. पुढे हा विषय त्यांनी काढला नाही, आम्हीही काढला नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी फिल्म संपल्यावर त्यांनी नातवाला विचारले, “हे टेशन कुठं हाये? तिथं जाता येते का?” तेव्हा स्वयंपाकघरातून भाकरी थापण्याचा आवाजदेखील थांबला. बाबांना सत्त्याहत्तरावे चालू आहे. विमानात ते कधी बसलेले नाहीत.

ते स्टेशन म्हणजे कानागि. जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी नावाचा प्रांत आहे. तिथे त्सुगारु रेल्वे ही एक चिमुकली खाजगी कंपनी गोशोगावारा ते त्सुगारु-नाकासातो अशी २०.७ किलोमीटरची गाडी चालवते. १९३० साली सुरू झालेला हा मार्ग. डिसेंबर ते मार्च त्यावर ‘शेगडीची गाडी’ धावते: डब्यातच कोळशाची लोखंडी शेगडी, आणि तिच्यावर भाजून देतात ते सुकवलेले माकूल. बाबा माळकरी आहेत. त्यांना मी अजून एवढेच सांगितले आहे की, शेगडीवर काहीतरी भाजतात. दाझाई ओसामु हा जपानी कथालेखक याच कानागि गावी १९०९ साली जन्मला. तेव्हा मराठीच्या मास्तरालाही तिथे जायला निमित्त आहे.

खरे सांगायचे तर मास्तराचे निमित्त वेगळेच होते. कावाबाता यासुनारी यांना १९६८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांची ‘युकिगुनि’, म्हणजे हिमप्रदेश, ही कादंबरी १९३५ पासून मासिकांतून येऊ लागली. तिच्या आरंभी एक आगगाडी लांब बोगद्यातून बाहेर पडते ती बर्फात. कॉलेजात असताना इंग्रजीतून वाचलेले हे पान माझ्या डोक्यातून गेलेले नाही. तो बोगदा खरा आहे. त्याचे नाव शिमिझु, लांबी ९.७ किलोमीटर, आणि तो १९३१ साली खुला झाला. बोगद्याच्या अलीकडे कोरडे ऊन आणि पलीकडे माणूस बुडेल एवढे बर्फ, हे कसे, असा प्रश्न वाचकांना पडेल. आपल्या सह्याद्रीने जे पावसाचे केले आहे तेच तिथल्या डोंगरांनी बर्फाचे केले आहे. सैबेरियाकडून येणारा थंड वारा जपानी समुद्रावरून येताना पाणी पितो, डोंगराला आपटतो आणि पश्चिमेच्या अंगाला सारे बर्फ टाकून देतो. तोक्योच्या बाजूला उरते ते निरभ्र आकाश. आपला महाबळेश्वर भिजतो आणि वाई कोरडी राहते, तसेच.

तेव्हा माझा बेत असा होता: तोक्योहून निघायचे, बोगद्यातून बर्फात उतरायचे, कोइदे या गावी तादामि लाइनची गाडी धरून डोंगरांतून आइझु-वाकामात्सुला जायचे आणि तिथून उत्तरेला कानागि. बारकाईने पाहू लागलो तर पहिलाच घास खड्याचा. १९६७ साली त्या मार्गावर दुसरा बोगदा झाला आणि दुहेरी लाइन झाली. आता तोक्योहून बर्फाकडे जाणारी गाडी नव्या बोगद्यातून जाते. कादंबरीतल्या बोगद्यातून जातात त्या फक्त उलट्या, तोक्योकडे येणाऱ्या गाड्या. मी हिरमुसलो. बाबा म्हणाले, “डबल लाइन झाली की असंच होते. तुमच्या लेखकाले कोणी विचारून बोगदा खोदते काय?” शिवाय नव्या बोगद्यात दोआई नावाचे एक स्टेशन आहे, तिथला फलाट जमिनीच्या इतका खाली की वर यायला त्या एका जिन्याच्याच ४६२ पायऱ्या. ते पाहायची माझी फार हौस. सौभाग्यवतींनी आकडा ऐकला, बाबांच्या गुडघ्यांकडे पाहिले आणि ताटे उचलली.

तादामि लाइनबद्दल मात्र मी हट्ट सोडला नाही. १३५.२ किलोमीटरची एकेरी लाइन, नदीच्या काठाने, पूल ओलांडत. २०११ च्या जुलैत तिथे पूर आला आणि पूल वाहून गेले. आइझु-कावागुचि ते तादामि हा २७.६ किलोमीटरचा तुकडा बंद पडला. पुराआधी, २०१० साली, या तुकड्यावर रोज सरासरी ४९ प्रवासी. कंपनीने हिशेब केला आणि म्हणाली, बस चालवू. फुकुशिमा प्रांत आणि काठची गावे म्हणाली, गाडीच हवी. अखेर तोड निघाली ती अशी: या तुकड्याचे रूळ आणि पूल प्रांताने सांभाळायचे, गाडी कंपनीने चालवायची. १ ऑक्टोबर २०२२ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली. या भागातून दिवसाला तीन जातात आणि तीन येतात. तादामिच्या पुढे खिंडीतला मोठा रस्ता हिवाळाभर बंद असतो. पलीकडे जायला तेव्हा ही गाडीच. आणि बर्फ फार झाले तर तीही थांबते, एखाद्या वर्षी आठवडेच्या आठवडे.

हे सारे मी एकदा वर्गात सांगत होतो. (पाठ्यपुस्तक बाजूला ठेवून प्रवासाच्या गोष्टी सांगणारे मास्तर मुलांना प्रिय असतात, हे मी मुद्दाम सांगत नाही.) एका मुलीने विचारले, “सर, एका मुलीच्या शाळेसाठी जपानमध्ये स्टेशन चालू ठेवलं होतं ना?” ही गोष्ट २०१६ साली जगभर फिरली आणि आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरते. तीत अर्धे खरे आहे. होक्कायदो बेटावर क्यू-शिराताकि हे स्टेशन होते आणि तिथून एक विद्यार्थिनी शाळेला जात असे. पण कंपनीने ते एकटीसाठी राखले होते, असे नव्हे. प्रवासी उरले नव्हते म्हणून ते २६ मार्च २०१६ रोजी बंद झाले. जपानी रेल्वेचे वेळापत्रक मार्चमध्ये बदलते आणि शाळेचे वर्षही मार्चमध्येच संपते. तिकडच्या कितीतरी लाइनी अशाच जात आहेत: त्याच बेटावरचा रुमोई ते माशिके हा तुकडा २०१६ मध्ये गेला, इशिकारी-नुमाता ते रुमोई २०२३ मध्ये.

मागच्या बाकावर कोलामगुड्यावरचा एक मुलगा बसतो. सहसा बोलत नाही. तो उभा राहिला. “सर, माणसंच नाहीत तर गाडी कशाला चालवतात?” मी तादामिच्या गावांचे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, “आमच्याकडं माणसं आहेत, सर.” आणि खाली बसला. पलीकडच्या गडचिरोली जिल्ह्यात वडसा हे एकच स्टेशन. तिथून गडचिरोलीपर्यंतच्या ५२ किलोमीटरच्या लाइनीचे बांधकाम चालू आहे. हा आकडा मला पाठ होता, पण त्या दिवशी तो सांगावासा वाटला नाही. तास संपल्यावर त्या मुलाने आगगाडीत बसायला किती पैसे लागतात ते विचारले. बल्लारशाहून चंद्रपूरचे भाडे मी त्याला सांगितले.

घरी मात्र पैशाचा प्रश्न वेगळा. साऱ्या जपानभर चालणारा सात दिवसांचा रेल्वे पास परदेशी पाहुण्याला पूर्वी २९,६५० येनांना मिळे. ऑक्टोबर २०२३ पासून त्याचे ५०,००० झाले. माणशी तेवढे देऊन पुन्हा तो त्सुगारु रेल्वेवर चालत नाही, कारण ती खाजगी. बाबा म्हणाले, माझी ठेव मोडा. मी म्हणालो, नाही. हा वाद तीन रात्री चालला आणि शेवटी निम्मे-निम्मे ठरले.

खरी अडचण पैशाची नव्हती. गेल्या जानेवारीत जिवतीच्याच थंडीने बाबांची छाती धरली होती. दहा दिवस खोकला. “अहो, इथली थंडी सोसेना आणि तुम्ही त्यांना बर्फात नेता?” सौभाग्यवती म्हणाल्या, “एप्रिलात जा. सगळे जातात. फुलं असतात.” यावर बाबा पटकन म्हणाले, “सूनबाई, फुलं पाहायले मी कायले जाऊ?” तिने मग उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी तीच त्यांना घेऊन चंद्रपूरला डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, थंडीपेक्षा उबदार डब्यातून एकदम बाहेर येणे वाईट. नाकातोंडावर लोकरी पट्टी, पंप खिशात, जिने बंद. आणि दमल्यासारखे वाटले तर त्या दिवशी प्रवास नाही. “नाही म्हणजे नाही,” हे डॉक्टरांचे की सौभाग्यवतींचे, ते मला नीटसे कळले नाही.

याच शेवटच्या अटीने माझा बेत मोडला. रजा दहा दिवसांची. आधी तादामि धरली आणि बर्फाने गाडी थांबली, किंवा बाबा दमले, तर कानागि हातचे जाते. मी नकाशा पुढे घेऊन गप्प बसलो होतो. बाबांनी पेन्सिल घेतली. “जिथं जायचं ते आधी. फिरायचं ते मागून.” आणि त्यांनी रेघ उलटी ओढली: तोक्योहून थेट जलदगाडीने शिन-आओमोरी, तिथून गोशोगावारा, कानागि. तिथे दोन दिवस. मग खाली आइझु-वाकामात्सु, तिथून सकाळी सहाच्या सुमाराची तादामिची गाडी, कारण संध्याकाळच्या गाडीत अंधाराशिवाय काही दिसणार नाही. आणि पहाटे उठायला त्यांना कोणी शिकवायला नको. ती बंद असेल तर दुसऱ्या लाइनीने निइत्सुवरून वळसा. मग कोइदे, आणि कोइदेहून तोक्योकडे.

रेघ जिथे डोंगर ओलांडत होती तिथे माझे बोट थांबले. तोक्योकडे येणारी गाडी म्हणजे जुना बोगदा! १९३१ चा, कादंबरीतला. फक्त आम्ही बर्फातून आत शिरणार आणि उन्हात बाहेर पडणार. पुस्तक शेवटाकडून वाचल्यासारखे. आणि दोआईला या बाजूचा फलाट जमिनीवर आहे, पायरी एकसुद्धा चढायला नको. मी हे मोठ्या आनंदाने सांगितले. बाबांनी मान हलवली आणि रेघ पुढे नेली.

फेब्रुवारीच्या मध्याला निघायचे ठरले आहे. व्हिसाचे कागद जमवणे चालू आहे. दशम्या, मेतकूट आणि लसणाची चटणी यांची यादी वेगळी. गाडीचे दार गावाकडच्या लाइनींवर आपोआप उघडत नाही, बटण दाबावे लागते. चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत मोजून पैसे टाकायचे, हे मी बाबांना दोनदा समजावले. “म्हणजे गार्ड नाही?” एवढेच त्यांनी विचारले. नाही म्हटल्यावर त्यांना ते आवडले नाही.

परवा त्यांनी सारा प्रवास वहीच्या कागदावर आखून काढला. निळ्या पेन्सिलीच्या रेघा, गाडी, सुटणे, पोचणे, शेरा. पूर्वी स्टेशनच्या रजिस्टरात लिहीत तसे ठसठशीत अक्षर. आइझु-वाकामात्सुच्या ओळीखाली एका तारखेसमोर गाडी लिहिलेली नव्हती. सुटणे नाही, पोचणे नाही, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द: बर्फ.

“आणि त्या दिवशी बर्फ पडलंच नाही तर?” मी विचारले.

“मंग फलाटावर बसू. गाड्या येतात-जातात ते पाहू.”