कपाशीच्या हंगामाला अखेरची तारीख हवी

शेवटची वेचणी आटोपत आली की विदर्भ-मराठवाड्यात कपाशी पिकवणाऱ्या घरांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. पऱ्हाटी उपटायची, की उभ्या झाडांना आणखी एक पाणी देऊन वाढीव पीक, म्हणजे फरदड, घ्यायची? हा ज्याच्या-त्याच्या शेताचा प्रश्न आहे, असे सरकारने आजवर धरले. गुलाबी बोंडअळीचे फावले ते नेमके इथे. तिचा पतंग रात्री उडतो आणि शेजाऱ्याच्या कपाशीवरही अंडी घालतो. त्यामुळे एकाने राखलेली फरदड पुढच्या हंगामात साऱ्या शिवाराला भोवते.

ही अळी फुलात शिरली तर पाकळ्या आतून धाग्याने जखडून टाकते. गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या अशा फुलाला शेतकरी डोमकळी म्हणतात. कोवळ्या बोंडात शिरली तर तिच्यामागे छिद्र बुजते. बोंड बाहेरून हिरवेगार आणि टणक, पण फोडले की आत सरकी कुरतडलेली आणि रुई पिवळी पडलेली. बंद बोंडातल्या या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही. तरी पाठीवरचा पंप उतरत नाही, कारण दुसरे काही करता येते हे कोणी वेळेवर सांगितलेलेच नसते. २०१७ साली बोंडअळीने राज्यातला कापूस पोखरला. त्याच हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर फवारणीच्या विषबाधेने दगावले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, तोंडाला साधे फडके बांधून ही माणसे फवारत होती. त्यांच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखवून शासनाला आणि औषध विकणाऱ्यांना आपली जबाबदारी झटकता येणार नाही.

अळीवरचा उपाय म्हणून, झाडातच अळीला मारक विष असलेली बीटी कपाशी २००२ मध्ये आली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० च्या सुमारास गुजरातेत अळी पहिल्या वाणाला दाद देईनाशी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत दुसऱ्यालाही. हे टाळण्यासाठी ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जात होते. ते कडेने लावले असते तर विषाला न सरावलेले पतंग शिवारात टिकले असते. बहुतेकांनी ते लावले नाही, कारण त्या ओळी अळीला खाऊ घालायच्या म्हणजे स्वतःचे नुकसान, असाच हिशेब समोर होता. शिवाय आपल्याकडे बीटी आले ते मुख्यतः संकरित वाणांतून. संकरित झाडाच्या एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष असते, काहींत नसते. अळीला प्रतिकार कमावण्याची याहून सोयीची जागा कोणती? आणि हे वाण लांब मुदतीचे, म्हणून फरदडीचा मोहही मोठा.

हंगाम संपला की अळी सुप्तावस्थेत जाते. पऱ्हाटीला चिकटलेल्या किडक्या बोंडांत, जिनिंगमधल्या सरकीत ती पडून राहते. सरपणासाठी घराशेजारी रचलेली पऱ्हाटीची गंजी हे तिचे हक्काचे घर. म्हणजे ही लढाई शेताइतकीच अंगणातही आहे.

अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. तिथे बीटी होते, वंध्य केलेले पतंग सोडले गेले, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळेही होते. पण ॲरिझोनात पीक काढून धसकटे जमिनीत गाडण्याची तारीखही ठरलेली होती आणि ती सर्वांना बंधनकारक होती. तिथली शेते मोठी, शेतकरी थोडे. आपले तसे नाही, हे मान्य. पण शेते लहान आणि लागून असतील तर सामायिक तारखेची गरज वाढते.

मे महिन्यातली लागवड रोखण्यासाठी आपले कृषी खाते बियाणे विक्रीची तारीख ठरवते. हंगामाच्या आरंभाला तारीख लावता येते, तर अखेरीलाही लावता आली पाहिजे. मात्र नुसता फतवा काढून चालणार नाही. फरदडीतून येणारे दोन-चार क्विंटल म्हणजे अनेक घरांत उधारी फेडण्याचे पैसे असतात. ते सोडायला सांगणाऱ्याने तेवढी भरपाई दिली पाहिजे. २०१७ नंतर नुकसानभरपाईवर सरकारला खर्च करावाच लागला. तो आधी केला तर पीक वाचते. पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र ग्रामपंचायतीकडे असावे आणि सरपणाऐवजी गॅसची टाकी परवडेल अशी तरतूद व्हावी. प्रत्येक जिनिंगच्या आवारात सापळे सक्तीचे करावेत. गावातल्या सापळ्यांत रोज किती पतंग आले, हे चावडीवरच्या फळ्यावर लिहिले जावे. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की उपाय सुरू करायचा, ही शिफारस आज पुस्तिकांत पडून आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सुचवलेले कमी मुदतीचे, सघन लागवडीचे वाण मागेल त्याला वेळेवर मिळायला हवेत. यंदाची तारीख डिसेंबरअखेरची असावी आणि भरपाईची रक्कम त्याआधी जाहीर व्हावी.