मागच्या वर्षीच्या दाखल्यावर या वर्षीची भूक मोजू नका

बारावीचा निकाल लागला की अमरावती-अकोल्याच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. गुणवंतांना फीमध्ये 25 टक्के, 50 टक्के स्कॉलरशिप. मर्यादित जागा, त्वरा करा. आपल्या वस्तीतलं एखादं पोरगं, ज्याच्या बापाचं काम नुकतंच सुटलं आहे, तो फ्लेक्स वाचतं. त्याला वाटतं, गुण चांगले आहेत, आपलं निभून जाईल. हा लेख त्या पोरासाठी आहे आणि त्याला फ्लेक्सच्या भरवशावर सोडून देणाऱ्या व्यवस्थेच्या विरोधात आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. घराचं उत्पन्न घसरतं या वर्षी. सरकार मदत मोजतं मागच्या वर्षीच्या दाखल्यावर. आणि पैसे देतं बहुतेक वेळा पुढच्या वर्षी. या फटीत आपली पोरं शिक्षणातून गळतात आणि नंतर त्यांच्याच माथ्यावर शिक्का बसतो, 'मेरिट नव्हतं.'

घर कसं कोसळतं?

अचलपूरची फिनले मिल घ्या. मिल केंद्र सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. मार्च 2020 च्या टाळेबंदीत ती बंद झाली. टाळेबंदी उठली, बाजार उघडले, मिलचा भोंगा मात्र वर्षानुवर्षं वाजला नाही. ज्या कामगाराचं पोरगं त्या वर्षी अकरावीत होतं, त्याच्या हातातल्या दाखल्यावर मिल चालू असतानाचा पगार होता. घरात मात्र तो पगार येत नव्हता.

शेतीचंही तेच. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता 4,892 रुपये क्विंटल. बाजारात माल त्याच्या कितीतरी खाली गेला. आपल्यातल्या बहुतेकांकडे शेत नाही, पण शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की पहिली काटछाट होते ती मजुरीत. सोंगणीची मजुरी थकते, वेचणीला बाया कमी लावतात. दाखला निघतो जूनमध्ये, घराला मार बसतो ऑक्टोबरमध्ये. तोवर प्रवेशाच्या फाईली बंद झालेल्या असतात.

आणि शहरातली कंत्राटी नोकरी? सिक्युरिटी गार्ड, सफाई, गोडाऊन, शोरूम. ठेकेदार बदलला की माणूस घरी. ना नोटीस, ना नुकसानभरपाई, ना हातात कागद.

दोन हजार रुपयांचा गुन्हा

आता आकडे पाहू. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी अनुसूचित जातीच्या कुटुंबाची उत्पन्नमर्यादा आहे वर्षाला 2.5 लाख. 2021 मध्ये नवे मार्गदर्शक नियम आले, तरी मर्यादा तीच राहिली. स्वाधार योजनेलाही तीच मर्यादा.

समजा बाप गार्ड आहे, महिना 12,000. आई खानावळीत पोळ्या लाटते, महिना 9,000. दोघांचे मिळून 21,000. वर्षाचे झाले 2,52,000. हे घर सरकारच्या लेखी 'मर्यादेबाहेर'! जुलैमध्ये बापाचं काम गेलं, तरी दाखल्यावर मागच्या वर्षाचे 2,52,000 च राहतात. प्रत्यक्षात ते घर आता 9,000 वर चाललं आहे.

या पोराला काय मिळतं? फ्रीशिप. म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ. फ्रीशिपला उत्पन्नाची मर्यादा नाही, हे चळवळीने राखलेलं मोठं यश आहे, ते नाकारण्याचं कारण नाही. पण फ्रीशिपमध्ये निर्वाहभत्ता नाही. स्वाधार नाही. अमरावतीसारख्या विभागीय शहरात शिकणाऱ्या बाहेरगावच्या विद्यार्थ्याला स्वाधारमधून भोजनासाठी 28,000, निवासासाठी 15,000 आणि निर्वाहासाठी 8,000, असे वर्षाला 51,000 रुपये ठरलेले आहेत. दाखल्यावरच्या दोन हजारांनी या पोराचे 51,000 गेले.

फी माफ आहे, मग रडता कशाला, असं विचारणारे आपल्यातही आहेत. दर्यापूर किंवा बार्शीटाकळीच्या खेड्यातून आलेलं पोरगं फीच्या पावतीवर जेवत नाही. त्याला खोली लागते, डबा लागतो, एसटीचा पास लागतो. आणि मर्यादेच्या आत बसलं तरी थाट काय आहे? साध्या बी.ए., बी.एस्सी.ला घरून ये-जा करणाऱ्याला केंद्राच्या नियमानुसार निर्वाहभत्ता वर्षाला 3,000 रुपये. महिन्याला 250. एवढ्यात विद्यार्थ्याने निर्वाह कसा करायचा, हे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं.

आता बाजूला दुसरा आकडा ठेवा. 2019 मध्ये 103 वी घटनादुरुस्ती करून आर्थिक दुर्बल घटकाला आरक्षण दिलं गेलं, तिथे 'दुर्बल' कोण? वर्षाला 8 लाखांपर्यंत कमावणारा. आठ लाखवाला सवर्ण दुर्बल आणि अडीच लाखाच्या वर दोन हजार कमावणारा पोळ्यावालीचा पोरगा सबळ! ही चूक नाही. कुणाची गरिबी गरिबी म्हणून मोजायची, याचा हा जातीय हिशोब आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, उत्पन्नाचा निकष मागता, मग आरक्षणालाही लावा. नाही. आरक्षण हा प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे, ते गरिबी हटाव नाही. शिष्यवृत्ती हा शिकतानाच्या खर्चाचा प्रश्न आहे. दोन्हींची गल्लत करणाऱ्याला फरक कळत नाही असं नाही. त्याला तो कळू द्यायचा नसतो.

'मेरिट'ची सवलत नेमकी कुणासाठी?

फ्लेक्सवरच्या स्कॉलरशिपकडे पुन्हा वळू. फी आधी फुगवायची, मग तिच्यातून अर्धी कापून दाखवायची, हा कापडदुकानातला सेल आहे. उरलेली अर्धी फीसुद्धा अनेकदा शासकीय महाविद्यालयाच्या पूर्ण फीपेक्षा जास्त असते. आणि अशी सवलत बहुधा पहिल्या वर्षापुरती, किंवा अमुक गुण टिकले तरच. ती देणं-न देणं संस्थेच्या मर्जीवर. मर्जीला हक्क म्हणत नाहीत.

सरकारी योजनांमध्येही गुणांची पाचर आहेच. राजर्षी शाहू महाराज गुणवत्ता शिष्यवृत्ती दहावीत 75 टक्के मिळवणाऱ्या अनुसूचित जातीच्या मुलांना अकरावी-बारावीत मिळते. किती? महिना 300 रुपये, दहा महिने. स्वाधारलाही गुणांची अट आहे. आता विचार करा, बापाचं काम गेलं त्या वर्षी पोरगं सकाळी पेपर टाकतं, रात्री हॉटेलात बसतं. त्याचे गुण घसरणारच. म्हणजे मदतीची सर्वात जास्त गरज ज्या वर्षी, त्याच वर्षी मदत काढून घ्यायची सोय नियमातच करून ठेवली आहे. मेरिट टिकवायला पैसा लागतो आणि पैसा मिळवायला मेरिट दाखवावं लागतं. हा फास आहे.

शिष्यवृत्ती मध्येच थांबते तेव्हा

बाबासाहेबांचं आयुष्य या प्रश्नाचा पुरावा आहे. फेब्रुवारी 1913 मध्ये रामजीबाबा गेले. घराचा आधार तुटला. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली आणि बाबासाहेब कोलंबियाला पोचले. शिष्यवृत्ती वेळेवर आली म्हणून ते घडलं. 1917 मध्ये मुदत संपली, तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेनांचं कर्ज, यांच्या जोरावर 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तीन वर्षं वाया गेली. तेव्हाही मेरिट तेच होतं, माणूसही तोच होता. थांबला होता फक्त पैसा.

हा अनुभव घेतलेला माणूस व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेला, तेव्हा त्याने अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडून वर्षाला तीन लाखांची तरतूद मिळवली. 1944 पासून सुरू असलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा त्या लढ्याचा वारसा आहे. ती भीक नाही, कुणा मंत्र्याची कृपा नाही. आपल्या बापाने मिळवून ठेवलेली ती मिळकत आहे.

पैसा नाही, की नियत नाही?

तिजोरीत पैसा नाही, हे उत्तर ठरलेलं असतं. मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. आदिवासी विभागाचे 335 कोटी 70 लाख त्याच वाटेने गेले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. यावर युक्तिवाद असा की त्या बहिणींमध्ये अनुसूचित जातीच्या बहिणीही आहेत. असतील ना! पण रस्त्यावरून दलितही चालतो म्हणून रस्त्याचा खर्च आमच्या खात्यात टाकायचा, ही जुनीच चलाखी आहे. बहिणीला सर्वसाधारण तिजोरीतून द्या, तिच्या पोराच्या वसतिगृहातून काढून देऊ नका. 410 कोटींना 51,000 ने भागून पाहा. 80,000 हून जास्त विद्यार्थ्यांचा वर्षभराचा स्वाधार होतो.

या वर्षी काय करायचं?

लढा चालू राहील, पण प्रवेशाची तारीख थांबत नाही. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात कार्यकर्त्यांनी हा हिशोब पोरांसोबत बसून करावा.

1. फीचा आकडा पाहून कॉलेज ठरवू नका. फी, खोली, जेवण, प्रवास, पुस्तकं, सगळं एका कागदावर मांडा. त्यातून फक्त लेखी नियमाने मिळणारे पैसे वजा करा. तोंडी सवलत शून्य धरा.

2. आधी शासकीय संस्था. अमरावतीत 1923 ची शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शासकीय तंत्रनिकेतन. अकोल्यात शासकीय तंत्रनिकेतन आणि पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. मग अनुदानित महाविद्यालयं. तिथे तुकडी अनुदानित की विनाअनुदानित हे लेखी विचारा. एकाच इमारतीत दोन वेगळ्या फी असतात.

3. व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधूनच प्रवेश घ्या. मॅनेजमेंट कोट्यात शिरलात की शिष्यवृत्ती गेली. ते कॉलेज आणि तो अभ्यासक्रम महाडीबीटीवर आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा.

4. शासकीय वसतिगृहाचा अर्ज कराच. स्वाधार ही वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी आहे.

5. काम सुटलं असेल तर पुरावा जमवा: ठेकेदाराचं पत्र, पीएफचा उतारा, बँकेचं पासबुक. तहसीलदाराकडे लेखी अर्ज करून चालू उत्पन्नाची नोंद मागा आणि पोच घ्या. अर्ज फेटाळला तर लेखी कारण मागा. तोच कागद पुढे आंदोलनात कामी येतो.

6. दाखला 2.5 लाखाच्या वर गेला तरी फ्रीशिपचा फॉर्म सोडू नका. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का, ते आजच पाहा. केंद्राचा 60 टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातली फी कॉलेजची असते, ती घरखर्चात गेली तर पोरगं थकबाकीदार ठरतं.

7. 'आधी पैसे भर, शिष्यवृत्ती आली का वापस देऊ' असं खिडकीवर कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे यूजीसीने 2018 मध्येच बजावलं आहे. एकटं पोरगं खिडकीवर पाठवू नका, पाच जण सोबत जा.

आमच्या मागण्या

निर्वाहभत्ता, वसतिगृह आणि स्वाधारची मर्यादा 8 लाख करा. चालू वर्षात उत्पन्न घटलं तर वर्षाच्या मध्येही अर्ज घ्या आणि फ्रीशिपमधल्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीत आणा. त्या वर्षी गुणांची अट लावू नका. पहिला हप्ता प्रवेशानंतर महिन्याच्या आत द्या. फीची देवाणघेवाण सरकार आणि कॉलेजने आपसात करावी, विद्यार्थ्याला मध्ये ओलीस ठेवू नका. आणि अनुसूचित जाती उपयोजनेच्या निधीला कायद्याचं कुलूप लावा. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकने 2013 मध्येच तसा कायदा केला, फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या महाराष्ट्राला कशाची अडचण आहे?

13 नोव्हेंबर 1927 ला बाबासाहेब अमरावतीत आले, तेव्हा प्रश्न अंबादेवीच्या दाराचा होता. आज दार कॉलेजच्या फीच्या खिडकीचं आहे. त्या वेळी आपल्या आजोबा-पणजोबांनी दार उघडा म्हणून विनवणी केली नव्हती, हक्क सांगितला होता. अमरावती आणि अकोल्याच्या समाजकल्याण कार्यालयांवर या मागण्या घेऊन जाऊ तेव्हा आवाज तोच असला पाहिजे. सोबत पोच घेतलेले अर्ज असू द्या. एक अर्ज दाबता येतो, हजार अर्ज दाबता येत नाहीत.

जय भीम!