पारख चार वर्षांनंतरच

अमेरिकी महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाने कोणते शालेय खेळाडू मिळवले, याची चर्चा करारादिवशीच रंगते. खरा निकाल मात्र चार वर्षांनी लागतो. निक सेबन यांचा अलाबामा विद्यापीठातील २००७ चा पहिला हंगाम मैदानावर सात विजय, सहा पराभव असा जेमतेम गेला. त्यांच्या २००८ च्या तुकडीत ज्युलिओ जोन्सचा बोलबाला होता. मार्क इंग्रमचा तेवढा नव्हता. तरी २००९ चा हाइझमन करंडक इंग्रमनेच पटकावला आणि संघ राष्ट्रीय विजेता ठरला. २०११ व २०१२ मध्ये याच तुकडीतील पाच जणांना व्यावसायिक संघांनी पहिल्या फेरीत निवडले. तथापि, शिष्यवृत्तीवर येऊन मैदानावर न चमकलेल्या मुलांच्या हाती पदवी पडली का, हे तपासल्याखेरीज कोणत्याही प्रशिक्षकाचे प्रगतिपुस्तक पूर्ण होत नाही.