गोखल्यांना जोशी मिळाले; आजच्या खासदारांना?

गेल्या एका अधिवेशनात एका विरोधी खासदाराने पीक विम्यावर केलेले भाषण सत्ताधारी बाकांवरूनही लक्षपूर्वक ऐकले गेले. त्या भाषणामागचे आकडे जमवणारी तरुणी तेव्हा प्रेक्षक सज्जात बसली होती. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि अकरा महिन्यांचा करार एवढेच तिच्यापाशी होते. करार संपला आणि ती एका खासगी सल्लागार संस्थेत रुजू झाली. तिला दोष कोण देणार?

२६ मार्च १९०२ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या विधिमंडळात अर्थसंकल्पावर केलेले भाषण आजही संसदीय अभ्यासाचा मानदंड मानले जाते. दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारी तिजोरीत शिल्लक उरते, ही संपन्नतेची खूण नव्हे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. या अभ्यासामागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर होते, याचे स्मरण मात्र फारसे कोणी ठेवत नाही. उपयोजित अर्थशास्त्र हा शब्दही रूढ नव्हता तेव्हा जोशी ते करीत होते, आणि तेही शाळेची नोकरी सांभाळून.

पुढे या कामाला संस्थांचा आधार मिळाला. पुण्यात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. तिचे धनंजयराव गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. दांडेकर आणि रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास १९७१ चा. ‘गरिबी हटाव’ ही घोषणाही त्याच वर्षीच्या निवडणुकीतली. घोषणा कोणालाही सुचू शकते. गरीब किती आणि कोणते, हे मोजायला आयुष्य द्यावे लागते.

आज असे आयुष्य देऊ पाहणाऱ्यापुढची पहिली अडचण पगाराची नाही, आकड्यांची आहे. २०१७-१८ चे उपभोग खर्चाचे सर्वेक्षण सरकारने दर्जाचे कारण देऊन प्रसिद्धच केले नाही. त्यामुळे २०११-१२ नंतरचे असे आकडे थेट २०२४ मध्ये, २०२२-२३ च्या सर्वेक्षणातून हाती आले. जनगणनेचेही तेच. २०११ नंतरची गणना २०२७ वर गेली. या काळात दारिद्र्यावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने अनुमानांवर अनुमाने रचली, आणि त्याच अनुमानांवरून तज्ज्ञ दूरचित्रवाणीवर भांडले.

दुसरी अडचण मागणीची. मंत्रालयांना सल्लागार हवे असतात, पण ते कराराने. ज्या खात्याने कराराची मुदत वाढवायची, त्याच्या योजनेतील उणीव अहवालात स्पष्ट लिहिण्याचे धैर्य फार थोड्यांना परवडते. संसदेला अभ्यासकाची गरज खरे तर अधिक. पण १९९३ पासून असलेल्या विभागनिहाय स्थायी समित्यांकडे पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके गेली. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. विधेयक समितीकडे जाणारच नसेल, तर त्यावरचे टिपण कोणासाठी लिहायचे?

यावर मध्यवर्ती कक्षात नेहमी ऐकू येणारा आक्षेप असा, की १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर खासदार पक्षादेशानुसारच मत देतो, मग अभ्यासाचा उपयोग काय? आक्षेप मतदानापुरता खरा आहे. प्रश्नोत्तराच्या तासाला पक्षादेश नसतो, समितीच्या बंद खोलीतही नसतो. अर्थसचिवांना उलटप्रश्न विचारणारा सदस्य कोणत्या पक्षाचा आहे, हे तिथे पुष्कळदा कळतही नाही. त्याने कागद वाचले आहेत की नाहीत, ते मात्र लगेच कळते.

अमेरिकी काँग्रेसने १९७४ मध्ये स्वतःचे अर्थसंकल्प कार्यालय स्थापन केले. आपल्या संसदेला ग्रंथालय आहे, संदर्भसेवा आहे, सचिवालयात कष्टाळू अधिकारी आहेत. परंतु अर्थ मंत्रालयाचा अंदाज स्वतंत्रपणे तपासून तो जाहीर करणारी यंत्रणा नाही. असे कार्यालय दोन्ही सभागृहांच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असावे. तेथील अभ्यासकांना किमान पाच वर्षांची निश्चित मुदत असावी, सर्वेक्षणांची मूळ माहिती मागण्याचा अधिकार असावा आणि त्यांचा प्रत्येक अहवाल सभागृहापुढे ठेवला जावा. विरोध अर्थ मंत्रालयाकडून होईल, हे उघड आहे. पण मागणी रेटायची ती खासदारांनी, आणि अद्याप एकाही मोठ्या पक्षाने ती आपली मानलेली नाही. सत्ता मिळाल्यावर हेच कार्यालय आपलेही आकडे तपासेल, हे प्रत्येकाला कळते.