गूळ केव्हा घालायचा?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी या सदरात अनारसे झाले. यंदाचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावतील: घरी केलेली बीअर! अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तिला मोकळीक दिली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. फक्त विकायची नाही.

शाळेतली नोकरी सोडून मी इथे वॉशिंग्टन राज्यात आले. व्हिसामुळे दुसरी धरता येईना. त्यात पावसाळी हिवाळा. देशातले बहुतेक हॉप्स आमच्याच राज्यातल्या याकिमा खोऱ्यात पिकतात. नवऱ्याने कॅस्केड हॉप्सचं पाकीट आणलं आणि मी वही उघडली.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या. "घरात दारू?" एवढंच म्हणून त्या खोलीत गेल्या. मग कितीतरी दिवस आमचं बोलणं चहा-जेवणापुरतंच.

पहिली बीअर बिघडली. माल्ट एक्स्ट्रॅक्ट म्हणजे मोड आलेल्या बार्लीचा काकवीसारखा दाट पाक. सहा पौंड पाक मी सुरुवातीलाच अडीच गॅलन पाण्यात ओतला, तोही गॅस चालू ठेवून. तळाला करपला, तासभर उकळून काळपट झाला. महिन्याने बाटली उघडली तर करपट वास, आणि हॉप्सचा कडूपणा नावालाच. सगळी सिंकमध्ये ओतताना सासूबाई मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आधी काय घातलं होतंस?"

सांगितलं.

"पुरणाची डाळ शिजायच्या आत गूळ घालतेस का?"

मी बघतच राहिले. गुळाने डाळ शिजायची अडते, तसाच दाट गोड पाण्यात हॉप्सचा कडूपणा कमी उतरतो.

दुसऱ्या खेपेला असं केलं. पाण्यात पाव हिस्सा पाक घातला. उकळी आली की कडूपणाचे हॉप्स; ते पूर्ण ६० मिनिटं उकळायचे. त्यांचा वास उडून जातो, कडूपणा राहतो. शेवटची १५ मिनिटं उरली की गॅस बंद करून उरलेला पाक नीट ढवळून विरघळवायचा, पुन्हा उकळी आणायची आणि चवीचे हॉप्स घालायचे. वासाचे हॉप्स अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर, वरून कोथिंबीर घालावी तसे. तुमची कृती सगळा पाक आधी घालण्याची असेल, तर पहिले हॉप्स थोडे कमी करा. आणि उकळी येताना पातेल्यापाशीच थांबा. दुधासारखं उतू जातं. मग गार करून, पाणी घालून पाच गॅलन करायचं आणि यीस्ट घालायचं. दोन आठवडे बादलीत, दोन बाटलीत.

त्या दिवशी सासूबाई घड्याळ घेऊन ओट्याशी उभ्या होत्या. "झाली का गं पंधरा मिनिटं?" म्हणून चारदा विचारलं. बीअर काही त्यांनी प्यायली नाही. ग्लासाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "मोसंब्याच्या सालीसारखा येतोय."

आता त्या साताऱ्याला असतात. रविवारच्या फोनवर मुलाची चौकशी झाली की मला विचारतात, "यंदा केलीस का? गूळ शेवटी घातलास ना?"